आधी तारीख, मग मजकूर

१७ नोव्हेंबर, सोमवार

ही वही आबांनी देहूरोडच्या बाजारातून आणली. हातात देताना म्हणाले, "रोजचं रोज लिव. आदी तारीख, मग मजकूर." चौतीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, किराणाच्या यादीवरसुद्धा आधी तारीख टाकतो. आई म्हणते, लग्नात गळ्यात हार पडला तेव्हाही यांनी घड्याळ बघितलं होतं.

तर तारीख टाकली. आता मजकूर. वही हरवलीच तर सापडणाऱ्याला कळावं म्हणून लिहिते: मी सारिका ओव्हाळ, वय छत्तीस, मुक्काम बेगडेवाडी. सात वर्षं सासरी होते, दोन वर्षांपासून माहेरी आहे. लग्नाआधी कॉम्प्युटरचं काम करायचे. ते सगळं जुनं झालं, पुन्हा पहिलीपासून शिकले. जुलैत लोणावळ्याला आदिनाथ सरांच्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे वलवणच्या एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आणि चार माणसं. सहा महिने कच्ची नोकरी. ३१ डिसेंबरला सर सांगणार, पक्की की घरी.

मामा दर रविवारी आईला फोन करून विचारतात, पोरीला परत कधी पाठवताय. आबांनी त्यांना सांगून ठेवलंय, "डिसेंबर हुदे." त्यामुळे आमचं अख्खं घर डिसेंबरवर टांगलेलं आहे.

मी परत जाणार नाही. हे इथे लिहिलेलं बरं. मोठ्याने म्हणायला गेलं की रडू येतं आणि मग समोरचा माणूस रडण्याचंच बोलत बसतो.

आज सरांनी मोठं काम दिलं. आम्ही एरवी खंडाळ्याच्या हॉटेलांच्या, बंगल्यांच्या वेबसाइट सांभाळतो. पण कामशेतकडे एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे, त्याचं पाळीचं पानही आमच्याकडे आहे. कोणत्या पेशंटने कधी यायचं, कोणती खुर्ची, सगळं त्या पानावर दिसतं. केंद्रातल्या बाई तेच बघून पेशंटला आत घेतात. हे पान जुन्या प्रोग्रॅमवरून नव्यावर न्यायचंय. सरांनी ते माझ्याकडे दिलं. संदेश माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि दहा पट हुशार, त्याच्याकडे नाही. येताना गाडीत खिडकी मिळाली तरी मी दारातच उभी राहिले. बसवेना.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आबांना काम समजावून सांगितलं. म्हटलं, सर्व्हरला एक कॉन्फिग फाइल असते. कोणी अमुक पान मागितलं तर त्याला कुठे पाठवायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं.

"म्हंजी पॉइंट्समन," आबा म्हणाले. "गाडी कुटल्या लायनीत घालायची ते ठरवनार."

"तसंच. आणि आधी टेस्टिंग सर्व्हरवर बदल करून बघायचा. तो खरा नसतो. तिथे गाडी पडली तरी कुणाला लागत नाही. तिथे चाललं तरच खऱ्यावर न्यायचं."

"ब्येस हाय. आमच्या येळंला आसतं तर," एवढं म्हणून ते थांबले आणि पुढचं बोललेच नाहीत.

मग मी त्यांना प्रायव्हेट नंबरचं विचारलं. लहानपणी आबांच्या रेल्वे फाटकाच्या गेटवर डबा घेऊन जायचे तेव्हा ऐकलेलं. स्टेशन मास्तर फोन करून विचारणार, गेट बंद केलं का. गेटमनने गेट लावायचं, मग आपल्या छापील तक्त्यावरचा पुढचा आकडा फोनवर सांगायचा आणि तो खोडायचा. मास्तर तो आकडा आपल्या वहीत लिहिणार. नंबर दिला म्हणजे गेट लावलं, बात खतम.

उद्या ऑफिसात हेच सुरू करायचं म्हणते. टेस्टिंग मी करणार आणि खऱ्या सर्व्हरच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, संदेशकडे आहेत. मी नंबर दिल्याशिवाय त्याने खऱ्याला हात लावायचा नाही.

आबांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी आनंद झाला. म्हणाले, "नंबर देताना बगत जा, बाय. रोजचं झालं की सवयीनं त्वांडातनं येतो." मी म्हटलं, तुमच्या हातून चौतीस वर्षांत एक चूक नाही, मी तुमचीच मुलगी. तर कुंड्यांना पाणी घालायला उठले. सकाळीच घातलं होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

संदेशला नंबरांची पद्धत भलतीच आवडली. त्याने शंभर आकड्यांचा तक्ता छापून भिंतीला लावला. आकडे उलटसुलट. सरांनी नुसतं "बरंय" म्हटलं, पण चहाला आलेल्या एका हॉटेलवाल्याला तक्ता दाखवताना मी त्यांना पाहिलं.

संध्याकाळी आबांसोबत देहूरोडला भाजी घ्यायला गेले. पलीकडून महिपती काका येत होते. घाटात आबा एका सिग्नल केबिनवर आणि ते शेजारच्या, असे जोडीदार होते, मी पाचवीत असेपर्यंत. आबांनी त्यांना बघितलं आणि सरळ रस्ता ओलांडला, अर्धा किलो गवार तशीच गाडीवर टाकून. दर वर्षी २५ डिसेंबरला वर्धापनदिनाला देहूरोडच्या बुद्धविहाराजवळही हेच. ते दिसले की आबा दुसऱ्या बाजूने जातात.

कधीतरी भांडण झालं असेल. म्हाताऱ्यांची भांडणं कशावरून असतात ते त्यांनाही आठवत नसतं. एवढं मात्र खरं, की त्यानंतरच आबांनी केबिन सोडून गेट मागून घेतलं. तुझ्या शाळेसाठी, असं मला नेहमी सांगतात. लोणावळ्याची शाळा उलट चांगली होती.

३ डिसेंबर, बुधवार

झालं! चाललं!

आज टेस्टिंग सर्व्हरवर नवी फाइल टाकली. सगळं आबांच्या पद्धतीने. जुनं टाकायचं नाही, नव्याशेजारी ठेवायचं, हाताशी असावं. म्हणून जुन्या फाइलची नक्कल त्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि तिच्या नावात आधी तारीख टाकली, मग 'पाळी', मग 'जुनी'. मग नव्या फाइलमध्ये नव्या प्रोग्रॅमचा पत्ता लिहिला. सर्व्हरला सांगितलं, तपास. त्याने तपासून सांगितलं, चाचणी यशस्वी. वर एक इशाऱ्याची ओळही होती, नाव दोनदा आलंय की काय असलं काहीतरी. पण ती वर होती आणि 'यशस्वी' खाली. शेवटची ओळ खरी धरायची.

मग पाळीचं पान उघडलं. एकदम उघडलं, जराही अडखळलं नाही. खुर्च्या, नावं, वेळा, सगळं जागच्या जागी. मी वीस वेळा उघडून पाहिलं.

घरी येऊन आईला उचलायला गेले. ती म्हणाली, कंबर मोडशील, तुझीही आणि माझीही.

४ डिसेंबर, गुरुवार

आज पुन्हा अकरा वेळा पान उघडलं. उघडतंय. मग मला बरं का वाटत नाही? संदेश म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे, एक मिनिट बस. खुर्चीत बसले की गुडघा आपोआप हलतो. मंगळवारी खऱ्यावर न्यायचंय.

९ डिसेंबर, मंगळवार

लिहायचंच नव्हतं. पण तारीख टाकून झाली.

दुपारी दीडची वेळ ठरली होती. सकाळची पाळी संपते, दुपारची अजून सुरू व्हायची असते, पान कमी बघितलं जातं. संदेशने नवी फाइल खऱ्या सर्व्हरवर नेली. जुनीची नक्कल त्याने वेगळ्या जागी, फोल्डरच्या बाहेर ठेवली. त्याची सवय. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नंबर?"

मी म्हटलं, "सत्तेचाळीस."

त्याने तक्त्यावरचा सत्तेचाळीस खोडला आणि बदल चालू केला. पान पांढरं. पुन्हा उघडलं, पांढरंच.

"टेस्टला चालतंय ना?" त्याने विचारलं.

"चालतंय. सत्तेचाळीस दिला ना मी."

"मग फाइल बरोबरच आहे. नवा प्रोग्रॅमच बंद पडलेला दिसतोय." आणि तो तिकडे शोधत बसला. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. केंद्रातून फोन वाजत होते. शेवटी सवादोनला सर ओरडले, "शोधू नका रे, आधी जुनं लावा!" संदेशने जुनी फाइल घाईघाईने नव्यावरच टाकली आणि पान परत आलं.

पंचेचाळीस मिनिटं. सरांनी संदेशला आत घेऊन दार लावलं. भिंत पातळ आहे. "टेस्टिंगला पास झालेली फाइल इथं आल्यावर कशी पडते? तू वर नेताना काहीतरी केलंस." संदेश म्हणत होता, "सर, मी काहीच बदललं नाही." पण त्याने लावलेली फाइल पुसली गेली होती, दाखवणार काय?

मला कोणी काही म्हणालं नाही. मी नंबर दिला होता.

१० डिसेंबर, बुधवार

फोन घेणारी कोमल आज रजेवर, म्हणून मी उचलला. पवना धरणाकडचे बजरंग भाऊ, एका पेशंटच्या घरचे. केंद्रातल्या बाईंनी आमचा नंबर दिला.

"ताई, आमच्या नंदाबाईची काल तीनची पाळी व्हती. आमी दोन गाड्या बदलून तितं गेलतो. बाई म्हनल्या, मगाशी कांपूटर बंद पडला तवा मागल्या हप्त्याच्या कागदावरनं मानसं घेतली, खुर्ची दुसऱ्याला दिली. आता आज न्हाई म्हनल्या."

मी विचारलं, मग?

"मग काय, घरी आनली. सांजच्याला पाय लय सुजलं, दम लागाया लागला. आज पयल्या पाळीला घेतली बगा. आता बरी हाय." आणि म्हणाले, "म्या भांडाया फोन न्हाई केला, ताई. येवढंच इचारायचं व्हतं, शुक्रवारची पाळी नक्की हाय ना?"

मी पान उघडून पाहिलं. म्हटलं, "आहे भाऊ. अडीचची. खुर्ची चार."

"नक्की ना?"

नक्की, म्हटलं. त्यांनी माझे आभार मानले. मी फोन ठेवला आणि मागच्या दारी जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ डिसेंबर, गुरुवार

कळलं.

सरांनी मला सांगितलं होतं, टेस्टिंग पुन्हा एकदा करून दाखवा. पान उघडलं, नेहमीसारखं सुरेख. मला काय वाटलं कोण जाणे, मी नव्या फाइलमधला पत्ता मुद्दाम मोडला. वाटेल ते आकडे लिहिले. म्हटलं, आता तरी पड.

पान पडलं नाही. सगळ्या खुर्च्या जागच्या जागी.

 मग ती इशाऱ्याची ओळ पहिल्यांदा नीट वाचली. सर्व्हर त्या फोल्डरमधली एकूण एक फाइल वाचतो. नक्कल म्हणून ठेवलेलीही. ओळीने वाचतो, आकड्याने सुरू होणारं नाव आधी, अक्षराने सुरू होणारं मागून. आणि दोन फाइली एकाच पानाचा पत्ता सांगायला लागल्या, तर पहिलीचं ऐकतो आणि दुसरी सोडून देतो. माझ्या जुन्या फाइलच्या नावात आधी तारीख होती. म्हणजे ३ डिसेंबरपासून मी जुनीच फाइल तपासत होते. नवी त्याने एकदाही ऐकली नव्हती. आणि खऱ्या सर्व्हरवर जुनी शेजारी नव्हती, म्हणून तिथे नवी पहिल्यांदाच बोलली आणि खोटं बोलली. तिच्यात प्रोग्रॅमच्या पत्त्यातले दोन आकडे उलटे होते. मीच टाकलेले.

संदेशने काहीही केलं नव्हतं. तो माझ्या नंबरावर विश्वास ठेवून भलतीकडे शोधत बसला.

खोलीत मी एकटीच होते. जुनी नक्कल पुसली. आकडे सरळ केले. तपासलं, इशाऱ्याची ओळ गेली. या सगळ्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

मग सर आत आले आणि म्हणाले, "काय, चालतंय?" मी म्हटलं, "चालतंय." यात खोटं काही नव्हतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नंदाबाई, अडीच, खुर्ची चार. पान दर दहा मिनिटांनी उघडलं. अडीचला हजेरीची हिरवी खूण पडली तेव्हा कुठे चहा घेतला.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज खऱ्यावर पुन्हा बदल केला आणि पहिल्या फटक्यात झाला. सरांनी पेढे मागवले. ते इंदुरी गावचे, आनंद झाला की त्यांची गावाकडची बोली बाहेर येते. "लय भारी काम केलं सारिकाताई! पत्र एकतीसला देतो, पन पक्कंच समजा."

आणि मग सगळ्यांसमोर: ट्रस्टच्या सर्व्हरच्या चाव्या आजपासून सारिकाताईंकडे. संदेशने हॉटेलांचे फोटो चढवायचे, महिनाभर.

संदेशने पेढा घेतला, खाल्ला नाही. नंतर जिन्यात मला गाठून एवढंच म्हणाला, "ताई, मी तुझीच फाइल लावली होती. अक्षरन् अक्षर. तुला तरी पटतं ना?"

मी म्हटलं, "पटतं रे." मला पटणार नाही तर कुणाला पटणार!

घरी आईने मामांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून सांगितलं. मामा म्हणाले, बरं झालं. इतकंच. दोन वर्षं मी या दोन शब्दांची वाट पाहिली आणि आज ते ऐकताच मी उठून भांडी घासायला गेले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आबांना सांगितलं. आई शेजारी गेली होती. ते मेथी निवडत बसले होते, मी समोर बसून निवडायला घेतली आणि पानं सोडून काड्याच घेत होते. त्यांनी विचारलं, काय झालंय? मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आबा, मी गेट न लावताच नंबर दिला."

त्यांचा हात थांबला. 

"कुनाला म्हाईत हाय?"

"कुणालाच नाही."

"त्या पोराला?"

"नाही."

"मग गप बस," आबा म्हणाले. "पक्की हुदे आदी. मग बगू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्यांच्याकडून मी नंबर म्हणजे काय ते शिकले ते हे म्हणतात? मी म्हटलं, "मग म्हणजे कधी, आबा?"

"मग म्हंजी मग." असे ओरडले की मेथीची पाटी सांडली. मग स्वतःच खाली बसून एकेक काडी गोळा करत राहिले. मी मदतीला वाकले तर हात झटकला.

माझ्यासाठीच म्हणाले असतील. मुलगी परत सासरी जाऊ नये म्हणून बाप काहीही म्हणेल. तरी मला त्यांचा फार राग आला, आणि राग आला याचं वाईट वाटलं.

२१ डिसेंबर, रविवार

आबा दोन दिवस धड जेवले नाहीत. आई म्हणते, पित्त. मी सकाळी शेलारवाडीच्या लेण्यांपर्यंत चालत गेले, वर चढले, बसले नाही, तशीच उतरले. परत येऊन कपाट आवरलं. आवरता आवरता आबांच्या नोकरीच्या वह्या बाहेर आल्या, वर्षाला एक. मोजायला म्हणून मोजल्या. नव्याण्णवची नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, उंदरांनी खाल्ली. मागचीपुढची एकही खाल्ली नाही, तेवढीच बरी खाल्ली.

एकतीसपर्यंत दहा दिवस. नुसतं गप्प बसायचंय. गप्प बसायला इतके कष्ट पडतात हे मला माहीत नव्हतं. मी सासरी सात वर्षं गप्प होते, तेव्हा जमलं होतं. तेव्हा चूक माझी नव्हती म्हणून जमलं असेल.

२४ डिसेंबर, बुधवार

सांगितलं.

ऑफिसात शिरले, पर्स ठेवली नाही, तशीच खांद्याला. सर आणि संदेश दोघंही होते. म्हटलं, नऊ तारखेची चूक माझी आहे. टेस्टिंगच्या फोल्डरमध्ये जुनी फाइल मी ठेवली, इशारा मी वाचला नाही, आकडे मी उलटे टाकले, आणि न तपासलेल्या फाइलला मी नंबर दिला. संदेशने फाइल बरोबर नेली होती.

 सर म्हणाले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"अकराला."

"आज चोवीस आहे."

"हो सर."

त्यांनी खिडकी उघडली, परत लावली. म्हणाले, "चूक मी एकतीसला विसरलो असतो. हे तेरा दिवस कसे विसरू?" पक्कं पत्र आता नाही. मार्चअखेरपर्यंत कच्चीच, मग बघू. चाव्या परत संदेशकडे. केंद्राला ते स्वतः फोन करणार. मी म्हटलं, बजरंग भाऊंना मी करते. केलासुद्धा. ते म्हणाले, "आसं व्हय. बरं झालं सांगितलंत. शुक्रवारची पाळी हाय ना?" आहे, म्हटलं, आणि या वेळी आधी केंद्रातल्या बाईंना विचारून म्हटलं.

संदेश दुपारपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "पंधरा दिवस मी झोपायला गेलो की ती फाइल आठवत होतो. एकेक ओळ. माझं कुठे चुकलं ते शोधत."  जरा वेळाने तो उठला आणि भिंतीवरच्या तक्त्याखाली पेनाने लिहिलं: आधी मोडून पाहा, पडतं का. पडलं तर मग नंबर. "हे तूच शोधलंयस," म्हणाला. हसला नाही. पण बोलला.

घरी आल्या आल्या आबांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. मार्चचं त्यांनी कानाआड केलं. विचारत राहिले ते संदेशचंच. "त्यो पोरगा काय म्हनला? चिडला? त्वांडाकडं बगत व्हता का खाली? पर बोलला ना तुझ्यासंगं?" तीनदा विचारलं. मी म्हटलं, बोलला हो आबा, बोलला. मग उठून आपला उद्याचा पांढरा सदरा स्वतःच इस्त्री करत बसले. आजवर इस्त्रीला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

२५ डिसेंबर, गुरुवार

देहूरोडला आम्ही तिघं दरसाल जातो तसे गेलो. वंदना झाली. गर्दी नेहमीची, पांढरे कपडे, पुस्तकांची दुकानं, ओळखीचे जयभीम. पहिल्या पुस्तकाच्या दुकानापाशी महिपती काका उभे होते, पाठीला थोडा बाक आलेला. आता आबा रस्ता ओलांडणार म्हणून मी आणि आई सवयीने पलीकडे वळलो.

आबा वळले नाहीत. सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. जयभीमसुद्धा घातला नाही. मी मागे धावले, मला वाटलं भांडण होतंय.

आबा म्हणाले, "तेरा फेब्रुवारी नव्याण्णव."

महिपती काकांनी हातातलं पुस्तक दुकानात परत ठेवलं. "शनवार," ते म्हणाले. "चौदा वाजून वीस मिंटं. नंबर एकोनीस."

"म्या पॉइंट बगितला नव्हता, महिपती. न बगताच नंबर दिला. इंजान भलत्या लायनीत गेलं, तवा सायबाला म्हनलो, महिपतीनं इचारलंच न्हाई, नंबर मागनं लिवला. तुजी बडती गेली."

"म्हाईत हाय मला."

"तुला म्हाईत व्हतं?"

"नंबर म्या लिवून घेतलाता, केरबा. मला म्हाईत नसंल तर कुनाला?" काकांचा आवाज चढला नव्हता. "सव्वीस वर्सं ह्याच दुकानापाशी हुबा ऱ्हातो म्या. ह्या दिसाला. तू यायचास आन रस्ता वलांडून जायाचास."

आबांचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. आईने मला मागे ओढलं. ते दोघं दुकानामागच्या कट्ट्यावर बसले. काय बोलले मला माहीत नाही. एकदा काकांनी आबांना जोरात काहीतरी सुनावलं, आजूबाजूचे वळून बघायला लागले. आबा मान खाली घालून ऐकत होते. उठले नाहीत. मी चहा नेऊन दिला तेव्हा काकांनी मला विचारलं, "तू पाचवीतली सारी ना? हितली शाळा बरी व्हती का?" मी म्हटलं, नाही काका, तुमच्याकडचीच चांगली होती.

 घरी येऊन आबांनी तांदळाच्या कोठीत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही काढली. नव्याण्णवची. मी पानं उलटली. जानेवारी भरलेला, बारा फेब्रुवारी भरलेला. तेरा फेब्रुवारीला वर तारीख टाकलेली, वार टाकलेला, वेळ टाकलेली. खाली कोरं. तिथून पुढे वर्षभर कोरं.

आत्ता ते खिडकीपाशी चष्मा लावून बसलेत, वही मांडीवर घेऊन. दोनदा खोडून तिसऱ्यांदा सुरू केलंय. पेन माझं नेलंय, म्हणून मी हे पेन्सिलीने लिहिते आहे.